दवाखान्याच्या किचनचा हिशोब: खाल्लेल्या जेवणाचा खर्च कसा काढायचा

मी मिरजेत एका ट्रस्टच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून लागले आणि दोन वर्षांतच किचनचा हिशोबही माझ्याकडं आला, कारण अकाऊंटवाल्यांना डाएट कळत नव्हतं आणि आचाऱ्याला अकाऊंट. दर महिन्याच्या मिटिंगमध्ये एकच प्रश्न असायचा, पर बेड, म्हणजे एका बेडमागं जेवणाचा खर्च, किती आला? मीपण तो आकडा खाली आणायच्या मागं लागले, स्वस्तातला तांदूळ घेतला, आमटी जरा पातळ केली, माळवं, म्हणजे भाजीपाला, संध्याकाळी मंडई उठायच्या वेळी घ्यायला लावलं, आकडा खाली आला आणि सगळे खूश झाले. मग एक दिवस मेल मेडिकल वॉर्डच्या सिस्टरनी मला बोलावून खरकट्याची बादली दाखवली. जतकडचे एक आजोबा तीन दिवस भाताला हात लावत नव्हते, म्हणाले, बाई, शाळूची भाकरी असती तर खाल्ली असती, ह्यानं पोट भरत न्हाई. बादलीत त्यांच्या एकट्याचा भात नव्हता, अख्ख्या वॉर्डाचा होता.

त्या दिवसापासून मी हिशोबाची पद्धतच बदलली. शिजवलेल्या जेवणाला खर्च किती आला हे काढायचं आणि त्याच्यापुढं जाऊन पेशंटच्या पोटात गेलेल्या जेवणाला किती आला हेही काढायचं. ते कसं करायचं ते खाली सांगते. पन्नास बेडचा दवाखाना असो नाहीतर तीनशेचा, पद्धत तीच, लागतंय काय तर एक चांगला इलेक्ट्रॉनिक काटा, एक रजिस्टर आणि एक महिना चिकाटी.

आधी बेड विसरा, जेवणं मोजा

पर बेडचा हिशोब फसवा का आहे बघा. १२० बेडचा दवाखाना, त्यातले ८० भरलेले, त्यात ऑपरेशनवाले एनबीएम, म्हणजे तोंडानं काहीच द्यायचं नाही असे, काही जणांना नळीनं ट्यूब फीड, काही जण घरचा डबा खाणारे, आणि वर नाईट ड्युटीचा स्टाफ किचनमध्येच जेवणार. आता ह्यातल्या कुठल्या आकड्यानं भागायचं? म्हणून जेवण हेच माप धरायचं, पण चहा पण एक आणि फुल ताट पण एक असं धरून चालत नाही. आम्ही दुपारचं जेवण म्हणजे १ युनिट धरतो, रात्रीचं पण १, नाष्टा ०.४ आणि चहा-बिस्कीट ०.१. हे आकडे आमच्या कच्च्या मालाच्या खर्चावरून काढलेत, तुम्ही तुमचे काढा, एक आठवडा नाष्ट्याला किती माल लागला आणि जेवणाला किती ते वेगळं लिहिलं की कळतंय. एकदा ठरले की वर्षभर बदलायचे नाहीत, नाहीतर मागच्या महिन्याशी तुलनाच होणार नाही.

समजा एका महिन्यात दुपारची ताटं २,४००, रात्रीची २,३००, नाष्टे २,५०० म्हणजे १,००० युनिट, चहा ५,००० म्हणजे ५०० युनिट आणि स्टाफची जेवणं ८००. एकूण झाली ७,००० युनिट. हा आकडा लिहून ठेवा, पुढं सगळीकडं लागणार आहे. स्टाफची जेवणं न चुकता धरायची, बऱ्याच ठिकाणी ती कुठंच लिहिलेली नसतात आणि मग पेशंटचं जेवण महाग दिसतं.

कोठीचा हिशोब

कोठी म्हणजे किचनचा माल ठेवायची खोली. सूत्र सगळ्यांना माहितीय, सुरुवातीचा शिल्लक माल अधिक खरेदी वजा शेवटचा शिल्लक माल म्हणजे वापर. पण गडबड होते ती करण्यात. महिन्याच्या शेवटच्या तारखेला रात्रीचं वाढप झाल्यावर कोठी मोजायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, कारण सकाळी सहाला नाष्ट्याचा रवा बाहेर पडलेला असतो. उघडं पोतं काट्यावर ठेवून वजन घ्यायचं, अर्धं असेल असं अंदाजानं लिहायचं नाही. तेलाच्या डब्याचं पण तसंच. दोघांनी मोजायचं, त्यातला एक किचनबाहेरचा.

आणखी तीन ठिकाणी चूक होते आणि तिन्ही मी केल्यात. एक, बिलाच्या तारखेनं खरेदी धरणं. दुधाचं बिल पुढच्या महिन्यात येतं, माल ह्या महिन्यात संपलेला असतो, म्हणून माल ज्या दिवशी आत आला तो दिवस धरायचा. दोन, देणगीचा माल. आपल्याकडं लोक वडिलांच्या पुण्यतिथीला नाहीतर लेकराच्या वाढदिवसाला फळं, तांदळाची पोती, तूप आणून देतात, फार चांगली गोष्ट आहे, पण तो माल शून्य रुपयानं लिहिला तर त्या महिन्यात किचन एकदम कार्यक्षम झालं असं वाटायला लागतं. बाजारभावानं खर्चात धरायचा आणि जमेत देणगी म्हणून दाखवायचा. तीन, खराब झालेला माल गुपचूप टाकून देणं. टाकायला हरकत नाही, पण वजन करून, लिहून आणि कारण देऊन टाका.

आपल्या उदाहरणात सुरुवातीला १,१०,००० चा माल, खरेदी ३,४०,००० आणि शेवटी ९०,००० शिल्लक, म्हणजे वापर ३,६०,०००. भागिले ७,००० केलं की कच्चा माल एका युनिटला ५१ रुपये आणि वर थोडे पैसे.

बाकीचा खर्च, जो कुणी धरत नाही

आचारी, मदतनीस, वाढपाच्या मावशी, डाएटिशियन ह्यांचा पगार पीएफसकट, समजा १,४७,०००. कमर्शिअल सिलिंडर १९ किलोचा येतो, तो समजा १,८०० ला पडला आणि महिन्याला १५ लागले तर २७,०००. लाईट-पाणी १८,०००. साबण, हातमोजे, फॉईल, पार्सलचे डबे १४,०००. दुरुस्ती, पेस्ट कंट्रोल आणि भांडी-मिक्सर-डीप फ्रीजची वर्षाची झीज बाराने भागून, मिळून १४,०००. कच्च्या मालासकट सगळी बेरीज ५,८०,०००. भागिले ७,००० म्हणजे एक युनिट ८३ रुपयांना पडलं.

लाईटचा वेगळा मीटर नसेल तर एक सबमीटर बसवून घ्या, नाहीतर इलेक्ट्रिशियनला धरून अंदाज काढा, पण शून्य लिहू नका. गॅसचं पण ग्रॅममध्ये बघायची सवय लावा. १५ सिलिंडर म्हणजे २८५ किलो, ७,००० युनिटला वाटले तर एका युनिटला ४१ ग्रॅम. गॅसचा भाव आपल्या हातात नाही, ग्रॅम आहेत. आमच्याकडं डाळ भिजत घालून कुकरला लावायला सुरुवात केली आणि बर्नर साफ करून घेतले तेव्हा ग्रॅम खाली आल्याचं स्पष्ट दिसलं, रुपयात मात्र काहीच दिसलं नसतं कारण त्याच महिन्यात सिलिंडर महागला होता.

आता मुख्य काम: परत आलेलं ताट मोजायचं

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त शिकवणारं. दर महिन्याला तीन दिवस पुरतात, पण दिवस निवडून घ्या: एक साधा वार, एक रविवार आणि एक उपवासाचा दिवस. रविवारी नातेवाईक डबे घेऊन येतात आणि दवाखान्याचं ताट तसंच राहतं. एकादशीला, श्रावणातल्या सोमवारी, मिरजेत रमजानच्या महिन्यात, जेवणाचा आकडा आणि वेळ दोन्ही हलतात.

आधी वाढप सुरू व्हायच्या वेळी कुठलीही दहा ताटं वजन करा, ताटाचं वजन वजा करून सरासरी काढा. समजा ६२० ग्रॅम आली आणि त्या वॉर्डात ३० ताटं गेली, म्हणजे १८.६ किलो अन्न गेलं. ताटं परत येताना ट्रॉलीवर चार बादल्या ठेवायच्या: भात, पोळी-भाकरी, आमटी-उसळ आणि भाजी. मावशींनी खरकटं त्यात वेगवेगळं काढायचं, हाडकं, केळीची सालं, चहाचे कप ह्यात घालायचे नाहीत. सगळ्या बादल्या मिळून ४.५ किलो निघालं तर २४ टक्के परत आलं. आयसोलेशन वॉर्डातली ताटं ह्यात घ्यायचीच नाहीत, त्यांचं खरकटं त्यांच्या नियमानंच गेलं पाहिजे.

एक गोष्ट कळकळीनं सांगते, मावशींना आधी बसवून नीट सांगा की हे तुमच्यावर लक्ष ठेवायला नाही. आम्ही पहिल्यांदा न सांगता केलं तर त्यांना वाटलं जास्त परत आलं की आपल्याला बोलणी बसणार, आणि निम्मं खरकटं मधल्या मधे गायब झालं. नंतर त्यांनाच विचारायला लागले तेव्हा त्यांनी वजनापेक्षा जास्त सांगितलं, कुठल्या बेडला दात नाहीत, कुणाला उजव्या हाताला सलाईन आहे आणि भरवायला कुणी नाही, कुणाला मराठी येत नाही म्हणून तो मागतच नाही. अथणी, विजापूरकडचे कानडी बोलणारे पेशंट आपल्याकडं किती येतात ते माहितीच आहे, त्यांना मिठाचं पथ्य मराठीत सांगून काय उपयोग.

आता भागाकार करा. ताटात वाढलेलं युनिट ८३ रुपये, खाल्लं गेलं ७६ टक्के. ८३ भागिले ०.७६ म्हणजे १०९ रुपये. हा तुमचा खरा आकडा.

आणि गंमत इथून पुढं आहे. समजा तुम्ही भाकरीसाठी एक मावशी वाढवली, जेवण गरम राहावं म्हणून झाकणाची ट्रॉली घेतली, आणि युनिट ८३ चं ८६ झालं. पर बेडच्या हिशोबात तुम्ही नापास. पण परत येणारं २४ वरून १४ टक्क्यांवर आलं तर ८६ भागिले ०.८६ म्हणजे १०० रुपये. खाल्लेलं जेवण ९ रुपयांनी स्वस्त झालं आणि पेशंट जेवला. मिटिंगमध्ये हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले ना, की जास्त बोलावं लागत नाही.

सगळं एकत्र वजन करून थांबू नका. दोन किलो भात परत आला आणि दोन किलो उसळ परत आली ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उसळ, अंडं, दही परत येत असेल तर जखम भरणाऱ्या पेशंटचं प्रोटीन बादलीत चाललंय, ते आधी थांबवा.

वाढायच्या आधीच वाया जाणारं

ताटापर्यंत न पोचलेलं अन्न वेगळं मोजायचं, कारण त्याचं औषध वेगळं. आमच्याकडं सकाळी सातला वॉर्डातून डाएट शीट, म्हणजे कुठल्या पेशंटला कुठलं जेवण ती यादी, यायची, त्यावर दुपारचा स्वयंपाक. डॉक्टरांचा राऊंड नऊला, डिस्चार्ज साडेदहा-अकराला, म्हणजे जे पेशंट घरी निघालेत त्यांचा भात आम्ही शिजवून ठेवलेला. आणि जे नवीन आले त्यांचा डायबेटिक का साधा तेच माहिती नाही. मग किचनमधून साडेदहाला प्रत्येक वॉर्डला एक फोन सुरू केला, फक्त तीन प्रश्न: किती गेले, किती आले, किती एनबीएम. आणि भात दोन खेपेत लावायला सुरुवात केली, दुसरी खेप फोननंतर. ह्याला एक रुपयाचा खर्च नाही.

वाढपाच्या शेवटी पातेल्यात किती उरलं ते रोज लिहा, आठवड्यात चित्र दिसतंय. उरलेलं दुसऱ्या दिवशी पेशंटला द्यायचा विचारसुद्धा नको.

रेसिपी कागदावर आणा

आचारी कितीही हुशार असला तरी शंभर माणसाला तेल किती, हे त्याच्या डोक्यात नको, भिंतीवर लिहिलेलं हवं. कोरडं वजन आणि शिजल्यावरचं वजन दोन्ही. एक किलो तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो, तुमच्या तांदळाचा किती होतो ते तीन वेळा करून बघा. पोळीचा उंडा ५० ग्रॅमचा ठरवला तर किलोभर कोरड्या पिठात तीसभर पोळ्या निघतात, त्या बावीस निघायला लागल्या तर कुठंतरी उंडा मोठा झालाय. आमटीला ओगराळं ठरवून द्या, एक ओगराळं म्हणजे १५० मिली, आणि सगळ्या वॉर्डात त्याच मापाचं.

माळव्याचा भाव निवडल्यावर काढा. मेथी ४० रुपये किलो आणि कोबी ३० रुपये किलो, फार फरक वाटत नाही, पण मेथी निवडून निम्मी उरली तर ती ८० ला पडली आणि कोबी शेकडा ८५ उरला तर ३५ ला. वर मेथी निवडायला दोन बायकांचा तास. मेथी बंद करा असं मी म्हणत नाही, पालेभाजी पाहिजेच, पण कुठल्या वारी किचनमध्ये कामाला माणसं जास्त आहेत ते बघून लावा.

मग महिन्याच्या शेवटी रेसिपीप्रमाणे किती तेल लागायला हवं होतं आणि कोठीतून किती गेलं ते ताडून बघा. थोडा फरक येणारच. जास्त आला तर लगेच आचाऱ्याकडं बोट दाखवू नका, आधी बघा की डाएट शीटवर न लिहिता वाढलेली ताटं किती, काटा बरोबर आहे का, ट्रस्टच्या पाहुण्यांचा चहा-नाष्टा कुठं लिहिलाय. आमच्याकडं बहुतेक वेळा कारण हेच निघालं.

भाव वाढला का वापर वाढला

ही वजाबाकी जमली की तुम्हाला कुणी उगाच झापू शकत नाही. मागच्या महिन्यात कांदा ३०० किलो, भाव २०, म्हणजे ६,०००. ह्या महिन्यात ३३० किलो, भाव ४०, म्हणजे १३,२००. जेवणं तेवढीच. वाढ ७,२०० ची. जुनाच वापर नव्या भावानं धरला तर ३०० गुणिले २० म्हणजे ६,००० नुसती भावामुळं वाढली, उरलेले १,२०० हे ३० किलो जास्त वापरल्याचे. ६,००० बाजाराचे, १,२०० आपले. तेल, डाळ, दूध, कांदा, गॅस एवढ्या पाच गोष्टींचं हे केलं तरी खूप झालं.

कोठीत किती दिवसांचा माल ठेवायचा हे पण खर्चातच येतं, जास्त ठेवला तर पैसा अडकतो आणि किडा लागतो. पण सांगलीत बसून हा हिशोब नुसता पुस्तकी करता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, रस्ते तुटले, दूध आणि माळवं येईना. २०२१ च्या जुलैत परत पूर. तेव्हापासून जुलै-ऑगस्टला आम्ही धान्य, डाळ, तेल, दूध पावडर आणि गॅस मुद्दाम जास्तीचा ठेवतो आणि त्याचा खर्च वाढीव दिसला तरी बिनधास्त दाखवतो.

स्वस्त करताना पोषण हलता कामा नये

दर महिन्याला खर्चाच्या शेजारी दोन आकडे लिहा, फुल डाएटच्या, म्हणजे पथ्य नसलेल्या, ताटांमधून दिवसाला सरासरी किती कॅलरी आणि किती प्रोटीन दिलं. ते खाली आले असतील तर खर्चातली बचत धरायची नाही. प्रोटीनचं रुपयात असं बघा: तूरडाळ १४० रुपये किलो धरली, किलोत साधारण २२० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे १० ग्रॅमला साडेसहा रुपयांच्या आत. शेंगदाणे त्याच भावात जरा आणखी स्वस्त. अंडं ७ रुपयांचं, ६ ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमला बारा रुपयांच्या आसपास. दूध ६० रुपये लिटर, १० ग्रॅमला एकोणीस. म्हणून अंडं-दूध काढून टाकायचं का? नाही. म्हाताऱ्या माणसाला, ऑपरेशन झालेल्याला अंडं आणि दूध सहज जातं आणि पचतं, आणि पोटात गेलेलं प्रोटीनच मोजायचंय आपल्याला. पण सरसकट सगळ्यांना दूध वाढवण्यापेक्षा शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण, उसळ ह्यानं पाया भरा आणि दूध-अंडं जिथं लागतंय तिथं द्या. किडनीवाल्यांचं सगळंच वेगळं, तिथं हा हिशोब लावू नका.

गरम जेवण पेशंटच्या हातात पोचताना किती गरम आहे ते थर्मामीटर घालून बघा, ट्रॉलीत ते ६० अंशाच्या वर राहिलं पाहिजे. आमच्या शेवटच्या वॉर्डात जेवण पोचेपर्यंत गार व्हायचं आणि परत येणारं अन्नही त्याच वॉर्डाचं सगळ्यात जास्त होतं. ट्रॉलीचा मार्ग उलटा केला, आज ह्या टोकापासून तर उद्या त्या टोकापासून.

पैसे कुठून येतात तेही शेजारी लिहा

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या, म्हणजे सरकारी मोफत उपचाराच्या, पेशंटचं जेवण पॅकेजमध्येच, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या रकमेतच, धरलेलं असतं, वेगळे पैसे लावता येत नाहीत. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो २०११ ला सुरू झाला, बाळंतिणीला नॉर्मलला तीन आणि सिझरला सात दिवसांपर्यंत मोफत आहार आहे, त्याला दिवसाला १०० रुपये धरलेत. तुमचा दिवसाचा खर्च ह्या आकड्यांशी लावून बघा, तूट कुठल्या पेशंटवर येतेय ते कळेल.

जीएसटीचं एवढं लक्षात ठेवा, ॲडमिट पेशंटला डॉक्टर किंवा डाएटिशियनच्या सल्ल्यानं दिलेलं जेवण उपचाराचाच भाग धरतात, त्यावर वेगळा टॅक्स नाही, २०१८ च्या फेब्रुवारीत तसं परिपत्रक निघालंय. पण नातेवाईकांना किंवा ओपीडीवाल्यांना विकलेल्या जेवणाला ती सूट नाही. म्हणून कॅन्टीनचा आणि पेशंट किचनचा माल, रजिस्टर, गॅस शक्यतो वेगळा ठेवा.

आणि कुणी कॉन्ट्रॅक्टर ताटाला ७५ रुपये म्हणाला तर लगेच ८३ शी तुलना करू नका. त्याच्या बिलावरचा टॅक्स आपल्याला परत मिळत नाही, तो खर्चात धरा. गॅस, पाणी, जागा आपलीच वापरणार असेल तर ते पण मिळवा. डाएटिशियनचा पगार तसाही राहणार. किमान इतक्या ताटांचे पैसे द्यावेच लागतील असं कलम असेल तर दिवाळीच्या आठवड्यात वॉर्ड रिकामे असताना काय होईल ते लिहून बघा. मग त्याचं जेवण आठ दिवस एका वॉर्डात लावा, चार बादल्या ठेवा, आणि जेवढे टक्के खाल्लं जाईल त्यानं भागून जो आकडा येईल तो १०९ च्या शेजारी ठेवा.